सत्तावीस पूर्णांक आठ मिलिमीटर

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातल्या हमामात शिरलेला माणूस आधी मान वर करतो. छतावर नक्षी आहे, फुलं-वेली आहेत. चारशे वर्षांत रंग बरेच उडाले, तरी काही ठिकाणी ते अजून असे टिकून आहेत, की पुढच्या खोलीत जायला पाय निघत नाही. गाईड एका चित्राकडे बोट करतो आणि ताजमहालाची कल्पना इथूनच निघाली म्हणून सांगतो. मुमताजमहल १७ जून १६३१ ला याच गावात गेली. आग्र्याला नेण्याआधी तिचा देह तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात काही महिने होता. एवढं खरं असल्यावर बाकीचं ऐकणाऱ्याने मानायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.

खांद्याला कॅमेरा असलेल्याचा गुंता मात्र वेगळा असतो. छत पूर्ण हवं, पण मागे सरकायला जागा नाही. पाठ केव्हाच भिंतीला टेकलेली. उजेड बेताचा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर परवानगी काढावी लागते, म्हणजे कॅमेरा हातातच धरायचा. कमानीच्या रेघा सरळ याव्यात आणि कोपऱ्यातलं शेवटचं फूलही मधल्या फुलाइतकंच स्पष्ट दिसावं, अशी इच्छा असते. या चित्राचा जीवच कोपऱ्यात आहे. वेल वळते ती तिथे, आणि कारागिराचा हात ओळखू येतो तोही तिथेच.

असं काम करणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या मध्याला होऊन गेल्या. लहान, वजनाला हलक्या, रुंद नजरेच्या आणि रेषेला रेषा ठेवणाऱ्या. त्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी घडवलेल्या होत्या. आज त्यांना डिजिटल कॅमेऱ्यावर बसवायचं तर कॅमेरा उघडावा लागतो, आणि त्या उघडण्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात बघण्याची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी काच वेगळी. खिडकीत एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवली की त्या एकमेकींकडे सरकतात, एकावर एक बसल्या की फोकस झाला. दोन डोळ्यांनी अंतर जोखण्याचीच ही युक्ती आहे. भूमापनातला त्रिकोण इथे मुठीत मावला आहे. या कॅमेऱ्यात आरसा नसतो. आरसा नाही म्हणून लेन्सची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ नेता येते, आणि रुंद नजरेच्या लेन्सला हे फार मानवतं. लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी रचलेली बायोगॉन या वंशातली. महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी तिच्यावरून ज्युपिटर-१२ काढली, ३५ मिलिमीटर, एफ/२.८. तिचं मागचं भिंग बाहेर इतकं फुगून आलेलं असतं, की टेबलावर ठेवताना हात आपोआप जपून चालतो.

या सगळ्याच्या मुळाशी सिनेमाची फिल्म आहे. जर्मनीतल्या वेट्झलरला, लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक यांनी ३५ मिलिमीटरची सिनेफिल्म एका लहानशा पेटीत आडवी घातली. सिनेमाची चौकट १८ बाय २४ मिलिमीटर होती, त्यांनी ती दुप्पट करून २४ बाय ३६ केली. पहिला नमुना १९१४ पर्यंत तयार झाला. त्याच सुमारास, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला होता. कच्च्या फिल्मला तेव्हा भोकं पाडलेली नसत. अंधारात बसून ती भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. वेट्झलर आणि दादर यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण दोन्हीकडे हातात पट्टी एकाच रुंदीची होती. आजच्या ‘फुल फ्रेम’ डिजिटल सेन्सरचं माप २४ बाय ३६ आहे, ते तिथूनच चालत आलेलं.

बार्नाक यांची ही पेटी लायका या नावाने १९२५ मध्ये बाजारात आली, पुढे लेन्स बदलता येऊ लागली आणि लेन्स-फिल्म अंतराचा प्रश्न सुरू झाला. लेन्स बसते त्या धातूच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असावं लागतं. लायकाच्या स्क्रूवाल्या लेन्सना ते २८.८ मिलिमीटर. १९५४ च्या एम-३ कॅमेऱ्याबरोबर पिळाऐवजी खटका आला आणि अंतर २७.८ झालं. हा एक मिलिमीटर मुद्दाम सोडलेला होता. बरोबर तेवढ्याच जाडीची कडी लावली की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसायची. स्वतःच्या आधीच्या कामाशी इतकं इमान राखणारे कारखाने फार नसतात.

सोव्हिएत फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांनी हीच ठेवण उचलली, थोड्या फरकाने. लायकाच्या आट्याला इंचात सव्वीस फेरे, सोव्हिएत आट्याला मिलिमीटरला एक. युद्धाआधीच्या फेडची लेन्स तर त्या-त्या कॅमेऱ्याशी जुळवून दिलेली असे. एकाची दुसऱ्याला लावली तर फोकस चुके. आता ती जोडी फुटली आहे. कॅमेरा कुठल्याशा बाजारात हरवला, लेन्स उरली, आणि उरलेली लेन्स कुणाकडे तरी पोचली.

अशी लेन्स घेऊन माणूस पहिल्यांदा घरातल्या डीएसएलआरकडे वळतो, आणि तिथेच अडतो. कॅननच्या ईएफ माउंटपासून सेन्सर ४४ मिलिमीटर आत आहे, निकॉनच्या एफ माउंटपासून ४६.५. मधल्या पोकळीत आरसा हलतो, त्याला तेवढी जागा लागतेच. २७.८ ची लेन्स कॅननवर बाहेरून टेकवली तर ती १६.२ मिलिमीटर जास्त पुढे राहते. हिशेब केला तर अशा स्थितीत ५० मिलिमीटरची लेन्स अनंतावर लावूनसुद्धा जेमतेम वीस सेंटिमीटरवरचं स्पष्ट दाखवते. फुलपाखराच्या पंखाला ठीक, हमामाच्या छताला निरुपयोगी.

मग काहींनी आरसाच काढला. कॅमेरा उघडून आरशाची पेटी सोडवायची, माउंट खरवडून आत घ्यायचा, लेन्स पोकळीत उतरवायची. वरच्या खिडकीतून मग काही दिसत नाही. मागच्या पडद्यावरच बघायचं. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही तीनेकशे व्होल्टचा साठा दबा धरून असतो, स्क्रूड्रायव्हर चुकला तर तो हाताला जाणवतो. कॅमेऱ्यातला सर्वात हलता, सर्वात आवाज करणारा भाग बाहेर काढायचा आणि त्या जागी काहीच ठेवायचं नाही. या कारागिरीचं मर्म मला या रिकामं करण्यात दिसतं.

२००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी-१ आला आणि आरसा कारखान्यातच गेला. सेन्सर माउंटपासून जेमतेम १९.२५ मिलिमीटरवर आला. साडेआठ मिलिमीटरची कडी लावली की रेंजफाइंडर लेन्स तयार. पण सेन्सर लहान होता, त्याच्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स ७० सारखी वागे. नजर रुंद असण्यासाठीच जी घेतली, तिचीच नजर अरुंद झाली. २०१३ मध्ये सोनीचा ए-७ आला तेव्हा पूर्ण मापाचा सेन्सर फक्त १८ मिलिमीटरवर मिळाला. आता सगळं जुळलं असं वाटलं. ज्युपिटर-१२ सारख्या लेन्स त्यावर चढल्या. मधला भाग सुरेख आला आणि कोपरे विस्कटले.

त्याचं कारण समजून घ्यायला बुऱ्हाणपुरात लांब जावं लागत नाही. गावाबाहेर लालबागच्या बाजूला कुंडी भंडारा आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्या काळात, तब्कुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याला झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उताराच्या जोरावर गावाकडे आणलं. ठरावीक अंतरावर जमिनीपर्यंत येणाऱ्या विहिरीसारख्या कुंड्या आहेत, शंभरावर. उतार कमी-जास्त झाला तर पाणी एकतर साचतं किंवा वाट फोडतं. मोजलेल्या पोकळीवर चाललेलं यंत्र म्हणायचं ते यालाच. २०२४ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत त्याचं नाव लागलं.

अशा एखाद्या कुंडीत सरळ वरून डोकावलं तर चार फूट पाणी तीन फुटांसारखं दिसतं. तिरक्या नजरेने पाहिलं तर तळ आणखी वर उचललेला भासतो. किरण जितका तिरका, तितकी फसवणूक जास्त. सेन्सरच्या समोर असंच गोठलेलं पाणी असतं: धूळ अडवणारी, अवरक्त किरण गाळणारी काच, ए-७ च्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत साधारण दोन मिलिमीटर जाड. मधून येणारा किरण तिच्यातून सरळ जातो, त्याचा फोकस दोन तृतीयांश मिलिमीटर मागे सरकतो, आणि तो सरकणार हे कॅमेऱ्याने आधीच धरलेलं असतं. कोपऱ्यातला किरण मात्र रेंजफाइंडर लेन्समधून फार तिरका येतो, कारण मागचं भिंग फिल्मला चिकटून बसलेलं आहे. त्याचा फोकस वेगळ्या ठिकाणी पडतो, आडव्या आणि उभ्या रेघा वेगवेगळ्या जागी जुळतात. फिल्मवर काच नव्हती, त्यामुळे बेर्टेले यांच्या हिशेबात हा थर कधी आलाच नाही. लेन्सचा यात दोष नाही. तिच्या आणि चित्राच्या मध्ये असं काही येऊन बसलं आहे, जे तिच्या जन्माच्या वेळी जगात नव्हतं.

म्हणून पुढची पायरी म्हणजे ती काच पातळ करणं. सेन्सरवरचा मूळ थर काढून पातळ गाळणी बसवायची. अमेरिकेतली कोलारी व्हिजन ही कंपनी सोनीच्या कॅमेऱ्यांसाठी हे काम व्यवसाय म्हणून करते. जगात इतरत्र काही जण घरच्या टेबलावर करतात. धूळ नसलेली खोली, स्थिर विजेपासून हाताचं रक्षण, गरम हवेने सैल केलेला डिंक, आणि श्वाससुद्धा बाजूला वळवून घ्यायचा. काच पातळ झाली की फोकसची जागा बदलते, म्हणून सेन्सरच्या पाठीमागचे कागदाएवढे पातळ पत्रे, म्हणजे शिम, काढून-घालून तो पुन्हा ठिकाणावर आणावा लागतो.

यावर कुणी म्हणेल की डिजिटल रेंजफाइंडर तर केव्हाचे मिळतात. एप्सनचा आर-डी१ २००४ मध्ये आला, लायकाचा एम-८ २००६ मध्ये, पूर्ण मापाचा एम-९ २००९ मध्ये. नव्या एमची किंमत भारतात काही लाखांत जाते, हे एक. दुसरं अधिक रंजक आहे. लायकाच्या माणसांपुढेही हीच काच होती, आणि त्यांनी एम-८ मध्ये ती इतकी पातळ ठेवली, की अवरक्त प्रकाश आत झिरपू लागला. काळं सिंथेटिक कापड जांभळं यायचं. शेवटी कंपनीने ग्राहकांना लेन्सपुढे लावायच्या गाळण्या फुकट दिल्या. एम-९ च्या पातळ काचेला पुढे दमटपणाने खाल्लं, चित्रात पांढरे ठिपके उठले, आणि सेन्सर बदलून द्यावे लागले. पातळपणाची किंमत लायकालाही चुकवावी लागली. पॉवरलूमच्या बुऱ्हाणपुरात, जिथे गल्लोगल्ली कापडाचे तागे ढिगाने पडलेले असतात, एम-८ घेऊन फिरणाऱ्याला काळ्या ताग्यांचा रंग खरा दाखवायला फारच कष्ट पडले असते.

लहान गावांमध्ये खऱ्या लायका लेन्स क्वचित सापडतात. कपाटाच्या वरच्या फळीवर सापडतो तो यशिका इलेक्ट्रो ३५ सारखा कॅमेरा. १९६६ च्या सुमाराचा, रेंजफाइंडर असलेला, पण लेन्स न निघणारा. पाऱ्याच्या ५.६ व्होल्टच्या बॅटरीवर तो चालायचा. ती बॅटरी बनायची बंद झाली. बॅटरीशिवाय शटर एकाच वेगाने, सेकंदाच्या पाचशेव्या भागाने, उघडतं, आणि घरच्यांना वाटतं कॅमेरा मेला. त्याची ४५ मिलिमीटर एफ/१.७ लेन्स मात्र ठणठणीत असते. ती काढून डिजिटलवर बसवणारे लोक आहेत. हे काम लायकाहून किचकट. शटर लेन्सच्या पोटातच असतं, ते कायम उघडं ठेवावं लागतं. फोकसची यंत्रणा निम्मी कॅमेऱ्यात राहून गेलेली, म्हणून आट्याची नवी नळी लावावी लागते. छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्यांची दांडी कुठेतरी बाहेर काढावी लागते. ज्या लेन्सने घरातली बारशी, लग्नं, सहली पाहिल्या, तिला पुन्हा पाहायला लावण्याची ही धडपड महागड्या लेन्सच्या हौसेहून मोठी आहे, असं मनापासून वाटतं.

मराठी मुलखात याहून धाडसाची एक धडपड होऊन गेली आहे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे चुलतभाऊ. फाळक्यांचा सिनेमा पाहिल्यावर आपणही काढावा असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्यासाठी कॅमेरा आपणच बनवायचा ठरवलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले, कॅमेरा अपुरा राहिला. बाबूरावांनी तो सोडला नाही. त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले जोडीला आले आणि १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा उभा राहिला. त्यावरच पुढे १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. हेच दामले पुढे प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांत होते आणि ‘संत तुकाराम’च्या दोन दिग्दर्शकांपैकी एक. रंगाचा कुंचला धरणाऱ्या हातांनी धातूत खाचा पाडल्या, फिल्म एका ठेक्यात पुढे सरकवायची आणि क्षणभर थांबवायची हे गणित सोडवलं. तिथेही लेन्स आणि फिल्ममधलं अंतर कुणीतरी हाताने जुळवलंच असणार. त्याशिवाय पडद्यावर द्रौपदीचा चेहरा उमटला नसता.

कोल्हापूरच्या त्या दोघांची धडपड हातांच्या जोरावर चालली, हेही लक्षात ठेवायला हवं. बुऱ्हाणपूरही अशाच हातांचं गाव आहे. लालबागेत ताप्ती मिल उभी आहे, पॉवरलूमचा खडखडाट आहे, आणि मागांची जोडणी बघणारे जॉबर आहेत. धोट्याला केसभर जागा कमी पडली तर ताण कुठे येतो, कुठल्या बोल्टखाली किती पत्रा घालायचा, हे ते यंत्राच्या आवाजावरून सांगतात. फटी मोजायचा फिलर गेज त्यांच्या खिशात असतो. सेन्सरमागे दोन शतांश मिलिमीटरचा शिम घालणं त्यांना नवीन वाटणार नाही. फक्त हात आणखी हलका लागेल. याच जिल्ह्यातल्या नेपानगरच्या गिरणीने देशाला वर्तमानपत्राचा कागद दिला, आणि किती रेंजफाइंडर कॅमेऱ्यांनी टिपलेले फोटो त्या कागदावर शाईत उमटले असतील याचा हिशेब कुणाकडे नाही. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी आधी बुऱ्हाणपूर, मग नेपानगर असं करत पुढे जाते. प्रवाशाच्या मांडीवरचं वर्तमानपत्र कधीकाळी त्याच रुळांवरून कोरं बाहेर पडलेलं असायचं.

काच बदलून झाली की पहिली परीक्षा लांबच्या वस्तूची. लेन्सची कडी शेवटपर्यंत फिरवायची आणि तापीच्या पलीकडचा जैनाबादचा काठ पडद्यावर मोठा करून बघायचा. काठ धूसर आला आणि कडी थोडी मागे घेतल्यावर स्पष्ट झाला, तर सेन्सर थोडा सरकवायचा. कडी शेवटपर्यंत जाऊनही स्पष्ट झालाच नाही, तर तो दुसऱ्या बाजूला चुकलाय. कॅमेरा पुन्हा उघडायचा. इथे रेंजफाइंडरच्या त्या दोन प्रतिमांची गरज राहत नाही. सेन्सर जे बघतो तेच पडद्यावर, त्यामुळे युद्धाआधीच्या फेडची आपल्या कॅमेऱ्यापासून तुटलेली लेन्सही इथे बिनतक्रार चालते.

मग जामा मशीद. राजा अलीखान फारुकीने बांधलेली, १५८९-९० च्या सुमाराची. कमानींची लांबच लांब ओळ, आणि आत भिंतीवर अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख, त्यात फारुकी राजांची वंशावळ. रुंद नजरेच्या लेन्सने कमानींची सरळ रेघ आणि शिलालेखाची अक्षरं एकाच चौकटीत घ्यायची, तर सगळा भार पुन्हा कडेवर येतो. एफ/८ वर लेन्स बारीक केली की कोपरा बराच सावरतो. पण आत उजेड कमी, आणि हात किती वेळ स्थिर राहील हा प्रश्न उरतो.

शिवाय एक देणं आहे, ते बरेच जण काम झाल्यावर शिकतात. सोनीच्या स्वतःच्या नव्या लेन्स जाड काच गृहीत धरूनच रचलेल्या आहेत. काच पातळ झाल्यावर त्यांच्यातल्या काहींचे कोपरे विस्कटू लागतात. जे जुन्यांचं दुखणं होतं ते नव्यांना लागतं. तेव्हा हा कॅमेरा एकदा उघडला, की तो ज्युपिटरचा, फेडचा, कपाटातल्या यशिकाचा होऊन राहतो, आणि लग्नाच्या ऑर्डरीसाठी दुसरा घ्यावा लागतो. स्टुडिओ चालवणाऱ्याला एवढा खर्च झेपेल की नाही, की तो आणखी एखादा हंगाम जाऊ देईल आणि पडून असलेला एखादा जुना ए-७ स्वस्तात मिळण्याची वाट पाहील, हे त्याच्या वहीतल्या आकड्यांवर आहे.